गाडीसाठी जुना उपग्रह रेडिओ

ऑगस्ट २००९ मध्ये मी तळेगावातल्या एका गृहस्थांकडून उपग्रह रेडिओचा वापरलेला संच विकत घेतला. संच, त्याची चौकोनी चपटी अँटेना, पाच मीटर वायर, अडॅप्टर आणि सात महिन्यांची शिल्लक वर्गणी, असे सगळे मिळून बावीसशे रुपये. गृहस्थ बदली होऊन दक्षिणेत निघाले होते आणि सामान हलके करत होते. मला तो संच घरासाठी नको होता, गाडीसाठी हवा होता. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी उर्स्याहून पिंपरीला न्यावे लागे. जायला पाऊण तास, तिथे चार तास, यायला पाऊण तास. गाडीत एफएमवर जे लागे त्याने ते वैतागत. त्यांना रागदारी हवी असे आणि 'वर्ल्डस्पेस'वर 'गंधर्व' नावाची हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची वाहिनी दिवसरात्र चालू असते, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकले होते.

३१ डिसेंबर २००९ रोजी वर्ल्डस्पेसची भारतातली सेवा बंद झाली. म्हणजे सात महिन्यांच्या वर्गणीतले पाचही महिने पुरते हाती लागले नाहीत. फसवणूक कुणी केली नव्हती. विकणाऱ्यालाही काही ठाऊक नव्हते. पण नंतर सवडीने कागद चाळताना लक्षात आले, की मी पैसे मोजले त्याच्या दहा महिने आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. ती बातमी छापून आली होती. मी संचाचे खटके दाबून पाहिले, वायर तपासली, आवाज ऐकला. संचाच्या पलीकडे काय आहे ते पाहिले नाही. त्या चुकीचा माग काढता काढता हा विषय माझ्या मागे लागला, तो आजतागायत.

ज्यांना हा प्रकार आठवत नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगतो. वर्ल्डस्पेस ही कंपनी १९९० मध्ये नोआ समारा यांनी स्थापन केली. समारा यांचा जन्म अदिस अबाबाचा. ऐंशीच्या दशकात आफ्रिकेत एड्स पसरत होता आणि त्याची साधी माहितीही लोकांपर्यंत पोहोचत नव्हती. जिथे ना छापखाना पोहोचतो ना प्रक्षेपक, तिथे आकाशातून थेट हातातल्या रेडिओवर आवाज उतरवता येईल का, असा त्यांचा मूळ विचार. मोटारीत बसून गाणी ऐकणारा ग्राहक त्यात कुठेच नव्हता, हे लक्षात ठेवलेले बरे, कारण पुढच्या अनेक अडचणींचे मूळ त्यात आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये 'आफ्रिस्टार' हा उपग्रह आणि मार्च २००० मध्ये 'आशियास्टार' फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियन अग्निबाणांनी वर गेले. आशियास्टारची जागा विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशावर. भारत त्याच्या एका झोतात येत होता.

हिताची, पॅनासोनिक, जेव्हीसी आणि सान्यो यांनी पहिले संच बनवले. पुढे भारतात बीपीएलनेही. सुरुवातीला ऐकणे बरेचसे मोफत होते. मग वाहिन्या कुलूपबंद झाल्या आणि वर्षाची वर्गणी आली. भारतात कंपनीचे ठाणे बंगळुरूला होते. ए. आर. रहमान जाहिरातीत दिसू लागले. सुमारे चाळीस वाहिन्या होत्या: गंधर्व, कर्नाटक संगीताची श्रुती, जुन्या हिंदी गाण्यांची फरिश्ता, मराठीची सुरभी, शिवाय तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली, पंजाबी. मध्ये निवेदकाची बडबड कमी, जाहिराती जवळजवळ नाहीत. जगभरातल्या वर्गणीदारांत बहुसंख्य भारतीयच होते, आणि तरीही शेवटी बळी गेला तो भारतातल्या सेवेचाच. कंपनीची मालमत्ता घेऊ पाहणाऱ्याला भारतातला वर्गणीचा व्यवसाय नको होता.

आता गाडीकडे येतो. या उपग्रहावरून येणारी लहर १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातली, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर लांबीची. घरोघरच्या छपरावर डीटीएचच्या ज्या तबकड्या असतात, त्यांच्याकडे येणारी लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. हा फरक मावळात राहणाऱ्याला लगेच कळतो. जुलैमध्ये लोणावळ्याकडून काळोखी चालून आली की टीव्हीवर चौकोन चौकोन दिसू लागतात आणि मालिका थांबते. पावसाचा थेंब अडीच सेंटिमीटरच्या लहरीला खातो. वीस सेंटिमीटरच्या लहरीला तो जवळपास दिसतच नाही. त्यामुळे धो धो पावसातही माझा संच वाजत असे. मात्र ओली झाडे तिला अडवतात. देहूरोडच्या छावणी भागात रस्त्यावर झाडांची कमान आली, की ऐन ताना चालू असताना गाणे तुटे. तुटे म्हणजे खरखर नव्हे. जुन्या रेडिओत स्टेशन दूर जाताना आधी खरखर येई, मग आवाज बारीक होई, माणसाची तयारी होई. इथे अंकांची मालिका असते. ती पुरी पोहोचली तर स्वच्छ आवाज, नाही तर एकदम शांतता. झाड सरले की दोनचार सेकंदांनी संच पुन्हा उपग्रह धरी आणि गाणे भलत्याच जागी सुरू होई. वडील म्हणत, "समेवर यायच्या आत झाड येतंच बघ."

हा उपग्रह आकाशात नेमका कुठे दिसायचा, याचे गणित मी कागदावर मांडले. शाळेतल्या त्रिकोणमितीने ते सुटते. उर्से साधारण १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. उपग्रह १०५ वर. म्हणजे रेखांशांतला फरक ३१ अंशांच्या थोडा वर. उत्तर येते ते असे: ठीक पूर्वेला तोंड करून उभे राहा, उजवीकडे म्हणजे दक्षिणेकडे २८ अंश वळा आणि क्षितिजापासून ४८ अंश वर पाहा. हा कोन चांगला उंच आहे. मावळातले डोंगर पाहून लोकांना वाटे, की डोंगर आडवे येत असतील. ते खरे नव्हे. ४८ अंशांवरून येणारी लहर अडवायला डोंगराच्या अगदी कुशीत, कड्याला टेकून उभे राहावे लागेल. अडचण करीत ती झाडे, पूल, बोगदे आणि पेठांमधल्या अरुंद गल्ल्या. शेजारून जाणाऱ्या चार मीटर उंच कंटेनरची सावलीसुद्धा या कोनात साडेतीन मीटरांच्या जेमतेम थोडी वर पडते.

या गणिताने एक गंमत उघड केली. सोमाटणे फाट्यावरून पिंपरीकडे जाणारा जुना महामार्ग मोजून पाहिला तर तो साधारण त्याच दिशेने, पूर्व-आग्नेयेला जातो. म्हणजे पिंपरीला जाताना आशियास्टार थेट नाकासमोर असायचा. अँटेना पुढच्या काचेच्या मुळाशी, डॅशबोर्डावर ठेवली तर काचेतून तिला सरळ आकाश दिसे. परत येताना मात्र उपग्रह बरोबर पाठीमागे, आणि पुढच्या काचेखालच्या अँटेनाला गाडीच्या टपाचा पत्रा आडवा. पहिल्या आठवड्यात जाताना संच वाजला आणि येताना गप्प बसला, तेव्हा मी अडॅप्टर बिघडला असे समजून नवा आणला. दोष अडॅप्टरचा नव्हता. मग मी परतताना रुग्णालयाच्या आवारातच अँटेना मागच्या काचेखाली नेऊन ठेवू लागलो. वडिलांना परतीच्या वाटेवर गाणे जास्त हवे असे. जाताना ते बोलत. येताना थकून डोळे मिटून बसत आणि मग भीमपलास लागला काय नि मुलतानी लागला काय, मान किंचित हलत असे. एक्स्प्रेस-वेवरून लोणावळ्याकडे निघाले तर उपग्रह पाठीमागे किंचित डाव्या हाताला राही. कामशेतचा बोगदा सोडला तर आवाज खंडाळ्यापर्यंत टिके. टोलनाक्याच्या पत्र्याच्या छपराखाली मात्र हमखास बंद. उर्स्याच्या नाक्यावर रांगेत उभे राहिल्यावर पुढे किती गाड्या आहेत ते मोजायचे आणि गाणे कुठे तुटेल याचा अंदाज बांधायचा, हा आमचा खेळ झाला होता.

मग अमेरिकेत हाच प्रकार मोटारीत बिनदिक्कत कसा चालतो? तिथे 'एक्सएम'ने सप्टेंबर २००१ मध्ये आणि 'सिरियस'ने २००२ मध्ये सेवा सुरू केली, ती मुळातच मोटारींसाठी. त्यांनी दोन युक्त्या केल्या. एक, तोच कार्यक्रम एकाहून अधिक उपग्रहांवरून, काही सेकंदांच्या अंतराने सोडायचा. एका वाटेवर पूल आला तर दुसऱ्या वाटेने आलेला तुकडा संचाच्या स्मृतीत तयार असतो. दुसरी, शहरांत उंच इमारतींवर जमिनीवरचे पुनर्प्रक्षेपक बसवायचे. इमारतींच्या दरीत उपग्रह दिसला नाही तरी पुनर्प्रक्षेपकाचा आवाज पोहोचतो. आशियास्टार आपल्यासाठी एकटा होता, आणि पुनर्प्रक्षेपक बसवायला सरकारची परवानगी लागत होती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून २००५ मध्ये उपग्रह रेडिओबद्दल शिफारशी दिल्या. मात्र २००९ संपेपर्यंत त्यांतून पक्के धोरण बाहेर आले नाही. खासगी एफएमवर बातम्या द्यायला बंदी असलेल्या देशात, आकाशातून येणाऱ्या परदेशी कंपनीच्या रेडिओला शहरोशहरी मनोरे उभारू द्यायचे का, हा प्रश्न सरकारला अवघड वाटला असेल तर नवल नाही. पण त्याचा अर्थ असा झाला, की भारतात मोटारीतला वर्ल्डस्पेस हा अधिकृत प्रकार कधी जन्मलाच नाही. जे आम्ही करत होतो तो हौशी लोकांचा जुगाड होता. हे मला विकणाऱ्याने सांगितले नाही, कारण तो संच दिवाणखान्यात ठेवत होता. आणि मी विचारले नाही.

जुगाडाचे नियम मात्र तेव्हा आम्ही बरेच शिकलो आणि ते कुठलाही वापरलेला संच गाडीत बसवणाऱ्याला आजही उपयोगी पडतील. अँटेना नसलेला उपग्रह रेडिओ फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्या चपट्या चौकोनाच्या आतच अतिशय क्षीण लहर मोठी करणारे छोटे वर्धक मंडळ असते आणि त्याला वीज संचाकडून त्याच वायरीतून जाते. वायर मधेच कापून जोडलेली असेल, तर आकडे दिसतील, पण आवाज येणार नाही. दुसरे, गाडीच्या काचेवर उन्हासाठी धातूचा अंश असलेली फिल्म लावली असेल तर लहर आत शिरत नाही. मग अँटेना टपावर हवी आणि तिला पावसापासून झाकण हवे. तिसरे विजेचे. मोटारीत १२ व्होल्ट असतात, बऱ्याच मोठ्या ट्रकमध्ये २४. उर्स्याच्या आसपास माल वाहणाऱ्या ट्रकांची कायम वर्दळ. आमच्या ओळखीच्या एका चालकाने असाच संच घेऊन ट्रकच्या लायटर-सॉकेटात मोटारीचा अडॅप्टर खुपसला. धूर निघाला. तो संच मी नंतर उघडून पाहिला. आतला विजेचा भाग कोळसा झाला होता, बाकी सगळे नवेकोरे.

आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत कसा न्यायचा, हा चौथा प्रश्न. माझ्या गाडीत कॅसेट डेक होता. कॅसेटच्या आकाराचा, वायरीचे शेपूट असलेला अडॅप्टर मिळे, तो उत्तम. लायटरमध्ये बसणारे छोटे एफएम प्रक्षेपकही मिळत. ते संचाचा आवाज एफएमच्या एखाद्या रिकाम्या जागी सोडतात आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत शिरले की रिकामी जागा उरत नसे आणि मालकंसावर कुणी तरी साबण विकू लागे. अमेरिकेतसुद्धा या चिमुकल्या प्रक्षेपकांनी शेजारच्या गाड्यांत घुसखोरी केल्यामुळे २००६ मध्ये तिथल्या नियामकाला लक्ष घालावे लागले होते.

पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो यंत्राचा नाही. उपग्रह रेडिओच्या प्रत्येक संचाला स्वतःचा क्रमांक असतो. वर्गणी माणसाच्या नावाने भरली जात असली तरी कुलूप उघडते ते त्या क्रमांकाचे; आकाशातून येणाऱ्या प्रवाहातच अमुक क्रमांकाला मोकळीक, तमुकाला नाही, असे निरोप मिसळलेले असतात. म्हणून वापरलेला संच घेताना दोन गोष्टी वेगवेगळ्या विकत घेतल्या जातात: एक वस्तू आणि एक करार. वस्तू हातात येते. करार कंपनीच्या वहीत नाव बदलल्याशिवाय येत नाही. मी नाव बदलून घेतले नव्हते. वर्गणी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली. सेवा बंद होताना राहिलेल्या पैशांचा जो काही प्रश्न उपस्थित झाला, त्यात मी कुणीच नव्हतो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने काही वर्षांपूर्वी वापरलेली गाडी घेतली, तिच्यात सिरियस-एक्सएमचा संच बसवलेलाच होता. या दोन कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या. तिथेही हाच करार आणि वस्तूचा फरक आहे, फक्त तिथे तो विचारायची पद्धत रुळली आहे. खरेदीआधी संचाचा क्रमांक पडद्यावर आणायचा, कंपनीला कळवायचा, त्यावर जुनी थकबाकी किंवा दुसऱ्याची वर्गणी चालू नाही ना हे पाहायचे. मग बऱ्याचदा काही महिने फुकट ऐकायलाही मिळतात. भाच्याने उत्साहाने मला तिथला एक वापरलेला सुटा संच पाठवू का म्हणून विचारले. "मामा, इथे असले संच लोक मातीमोलाने विकतात." मी नको म्हटले. ते उपग्रह पश्चिम गोलार्धावर आहेत. ८५ अंश पश्चिम रेखांशावरचा उपग्रह उर्स्याहून पाहायचा तर पृथ्वीच्या आरपार पाहावे लागेल. शिवाय त्यांचा पट्टाही वेगळा, २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ. तरीही असे संच इकडे येतात. परदेशातून परतणारी कुटुंबे सामानात आणतात, मग ते भंगारात जातात, आणि 'सॅटेलाइट' हा शब्द पाहून कुणी तरी घेतो.

या शब्दावरून एक धोक्याची सूचना करायला हवी. ऐकण्यापुरता उपग्रह रेडिओ वेगळा आणि बोलण्याचा उपग्रह फोन वेगळा. जुन्या वस्तूंच्या बाजारात दोन्ही एकाच ढिगात पडलेले असू शकतात आणि दोहोंची अँटेना अनभिज्ञाला सारखीच भासते. थुरया किंवा इरिडियमसारखे उपग्रह फोन भारतात परवानगीविना जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा आहे; विमानतळांवर परदेशी पर्यटकांना त्यापायी अटक झालेली आहे. ट्रेकिंगला किंवा जीपमधून दुर्गम भागात जायला स्वस्तात मिळाला म्हणून असला फोन घेऊ नये. संचावर आकड्यांची कळफळी आणि उघडणारी जाडजूड अँटेना असेल तर तो रेडिओ नव्हे, एवढे ओळखता आले तरी पुरे.

सेवा बंद झाल्यावर वर्ल्डस्पेसच्या संचांचे काय झाले, हे मी पुढे दोन-तीन वर्षे पाहत होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत, रविवारी आणि बुधवारी ते दिसू लागले. सुरुवातीला पाचशे रुपये सांगत, मग दोनशे, मग दीडशे. सोमाटणे फाट्याजवळच्या एका भंगारवाल्याकडे एकदा सहा अँटेना एका सुतळीत ओवून टांगलेल्या पाहिल्या. मी विचारले, रेडिओ कुठे आहेत? तो म्हणाला, "काका, रेडिओ गेले. एफएम लागतं ना त्याच्यावर, लोक घेतात. ह्या पाट्या कुणी नेत नाही." त्याचे निरीक्षण अचूक होते. बऱ्याच संचांत एफएम, मध्यमलहरी आणि काहींत लघुलहरीही होत्या, आणि ते सारे उत्तम चालत होते. अजूनही कुठे कुठे 'उपग्रह रेडिओ, चालू स्थितीत' अशी जाहिरात दिसते. चालू स्थितीत म्हणजे एफएम चालू. विक्रेता खोटे बोलत नसतो. त्याने कुठला खटका दाबून पाहिला, एवढेच विचारायचे असते.

त्या सहा अँटेना मी वजनावर घेतल्या. का, ते तेव्हा मला नीट सांगता आले नसते. आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये देशाचे पहिले मोठे व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, विक्रम साराभाईंचे नाव मिरवणारे. तिथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण आहे. आकाशातल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर ती ऐकते. माझ्या सुतळीतल्या पाट्यांचा पट्टा त्याच्यापासून पन्नास मेगाहर्ट्झही दूर नव्हता. एक पाटी उघडून मी गावातल्या अकरावीच्या दोन मुलांना दाखवली. तळहाताएवढ्या तांब्याच्या पत्र्याने ३६ हजार किलोमीटरवरचा आवाज पकडता येतो, हे त्यांना पटेना. उरलेल्या पाच माळ्यावर आहेत.

गंधर्व वाहिनी बंद झाल्यावर वडिलांसाठी काय, हा प्रश्न जानेवारी २०१० मध्ये तातडीचा होता. मी कॅसेटी काढल्या, त्यांच्या स्वतःच्याच, लॉफ्टवरच्या. त्यांना त्या पाठ होत्या. रेडिओवर पुढे काय लागेल हे माहीत नसते, आणि त्यांना नेमके तेच हवे होते. "कोण गातंय ते ओळखायला काही तरी हवं ना," असे ते म्हणाले. आकाशवाणीची चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी 'रागम' वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. डीटीएचवर आणि मोबाइलवर ती ऐकू येते. ती त्यांना मिळाली नाही.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांना मी अलीकडे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आकाशवाणीने देशभर तीसहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपकांवर 'डीआरएम' नावाची अंकीय पद्धत बसवली आहे आणि गेल्या काही वर्षांत भारतात बनलेल्या बऱ्याच मोटारींच्या संचांत ती पकडण्याची सोय कारखान्यातूनच येते. यात उपग्रह नाही, वर्गणी नाही, क्रमांकाचे कुलूप नाही. बोगद्यात बंद पडते आणि वीजतारांखाली कुरकुरते, पण कंपनी दिवाळखोर झाल्याने बंद पडण्याची भीती नाही. गंमत अशी, की विकणारा ही सोय सांगत नाही, कारण त्यालाच ती ठाऊक नसते.

गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या अशाच एका वापरलेल्या गाडीतून लोणावळ्याला गेलो होतो. तीन वर्षांपासून गाडी त्यांच्याकडे आहे. त्यांना विचारून मी बँडचे बटण दाबत गेलो. एफएम, मग मध्यमलहरी, आणि पुढच्या दाबाला पडद्यावर ती तीन अक्षरे आली. शोध लावून ठेवला. घाटमाथा जवळ आल्यावर आकाशवाणीचे नाव उमटले आणि गाडीत बातम्या सुरू झाल्या, एफएमहून स्वच्छ. शेजारी गाडी चालवता चालवता म्हणाले, "हे इतके दिवस होतं होय ह्यात?" मग जरा थांबून त्यांनी विचारले, "दादा, याचे पैसे कुठं भरायचे?"